भिकूचा व्हय

भिकू हिलमनं हाक मारली की कासू स्टेशनात उभी असलेली गाडी भोंगा वाजवायला विसरते, असं आमच्याकडे सांगतात. सांगणाऱ्याच्या जिभेला काय, हाड थोडंच असतं. मी स्वतः ऐकलंय, भोंगाच मोठा. पण एवढं खरं की डोंगराच्या कडेला उभं राहून त्यानं कमळीला, म्हणजे आपल्या बायकोला, हाक मारली तर खाली मिठागरात वाकलेली माणसं मान वर करून बघायची. कमळी मात्र बघायची नाही. ती म्हणायची, "बोंबलतोय तर बोंबलू दे. भूक लागली का येल घरी."

मी नमिता घरत. वाडीवरच्या अंगणवाडीत बावीस वर्षं सेविका आहे. गाव खाली, वाडी वर. गाव आमचं आगऱ्यांचं, भातशेती नि मिठागरं. वाडी कातकऱ्यांची, चाळीसेक घरं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण मला अजून तिथंच राहायचंय. पोरांची खिचडी, वजनं, लसी, आणि वरून सरकारनं डोक्यावर ठेवलेलं मतदार यादीचं काम. नवीन नाव घालायचं, मेलेलं काढायचं, त्यासाठी घरोघर मीच फिरते. त्यामुळे कोण कुठं राहतो, कोण कोणाशी बोलत नाही, कोणाची सून माहेरी जाऊन बसलीय, सगळं मला पाठ.

भिकूचा आवाज रानातून आलेला. त्याच्या बापाच्या वेळी वाडीवरून डुकराच्या शिकारीचा हाका निघायचा. आता शिकारीला बंदी आहे, आणि रानात डुकरांपेक्षा प्लॅस्टिकच्या पिशव्या जास्त, ते सोडा. पण हाक्याची रीत भिकूनं मला एकदा सांगितली होती. मी पोरांची वजनं करत होते आणि तो दारात उकिडवा बसला होता.

"बाई, हाक्यात डुकराच्या मागं धावायचा नसतो. चार मानसं जाळी लावून गप बसतात. बाकीची लांबून वरडतात. डुकराला निस्ता वाटला पायजे का मागं लय मानसं हायत. मंग तो आपल्या पायानं जाळीत जातो."

"आणि तू कुठं असायचास?"

"मी पयला! पयला आवाज माझा. माझ्यामागून सगळी."

हे सांगताना त्याची छाती अशी फुगलेली की मला हसू आलं. तेव्हाच ध्यानात ठेवायला हवं होतं. पण मला तरी कुठं अक्कल.

आता हरेशचं सांगते. हरेश आमच्याच गावचा. आधी त्याचा टेम्पो होता, धाटावच्या कंपन्यांत शिफ्टची माणसं पोचवायचा. टेम्पो बंद पडला आणि हरेशचं तोंड सुरू झालं. दिसायला देखणा, बोलायला गोड, म्हाताऱ्या माणसांच्या पाया पडणारा. माझा मितेश आयटीआय करून दोन वर्षं घरात बसून होता. मी रोज त्याला बोल लावायची, स्वतःला बोल लावायची, देवालाही सोडायची नाही. एक दिवस हरेश आमच्या ओट्यावर येऊन बसला, चहा प्यायला आणि म्हणाला, "काकी, मितेशची जागा कोणी खाल्ली, माहिती हाय का? बाहेरच्यांनी. तुझ्या पोरात काय खोट नाय."

खोटं कशाला बोलू, मला इतकं बरं वाटलं की मी त्याला दुसरा कप दिला.

त्याची पहिली सभा आमच्या देवळापुढच्या पटांगणात झाली. कंपनीत बाहेरचे, बाजारात बाहेरचे, सगळीकडे बाहेरचे, असं अर्धा तास बोलून त्यानं माईकवर विचारलं, "हे थांबला पायजे, व्हय की नाय?" कोणी बोलेना. आमच्या गावचा माणूस ओट्यावर वाघ, पण सभेत तोंडाला कुलूप. हरेशनं पुन्हा विचारलं. पुन्हा शांत. आणि तेवढ्यात मागून, भिंतीजवळून, असा काही आवाज आला की देवळावरची कबुतरं उडाली.

"व्हय!"

भिकू होता. डोक्यावर लाकडाची मोळी, रस्त्यानं जाता जाता थांबलेला. त्याला सभेतलं काही कळलेलं नव्हतं. नंतर मी विचारलं तर म्हणाला, "बाई, शेठनं दोनदा इचारला. कोन बोलंना. मला वाटला, रागावंल."

ह्यात एक गोम आहे, ती वाडीवर बावीस वर्षं काढल्यावर मला कळलीय. कातकरी माणूस तोंडावर नाय म्हणत नाही. वीटभट्टीवाला शेठ विचारतो, दिवाळी झाली की येशील ना? व्हय. जंगलखात्याचा गार्ड विचारतो, कळलं ना? व्हय. डॉक्टर विचारतो, गोळ्या घेतल्या का? व्हय. आणि नसेल पटलं तर तो तुमच्याशी वाद घालत बसत नाही. तो उठतो आणि जातो. भट्टीवर मुकादमानं शिवी दिली तर सकाळी झोपडी रिकामी, माणसं वीस कोस लांब. हेच त्यांचं नाय. पिढ्यान्‌पिढ्या असंच. आपल्याला वाटतं हे लोक गरीब, मुके. मुके कुठले! उठून जाणं हे त्यांच्याकडे दहा शिव्यांच्या बरोबर आहे. फक्त ते वाचता यायला पाहिजे.

तर भिकूच्या 'व्हय'वर आधी सगळे हसले. मग हरेशनं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा हसत हसत चार जण 'व्हय' म्हणाले, आणि चौथ्यांदा अख्खं पटांगण. मीसुद्धा. सांगते ना, चांगली घसा फोडून म्हणाले. पोर घरात बसलेलं असलं की आईचा घसा लवकर सुटतो.

हरेश काही दूधखुळा नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याची जीप वाडीवर. भिकूला पुढच्या सीटवर बसवून नेलं. अहो, वाडीवरच्या माणसाला जीपच्या पुढच्या सीटवर मी बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं. टेम्पोत मागं, विटांच्या वर, तिथं त्यांची जागा. आता सभा कुठंही असो, भिकू गर्दीच्या मधोमध उभा. हरेश विचारणार, "व्हय की नाय?" आणि पहिला आवाज भिकूचा, त्याच्यामागून सगळ्यांचा. रोह्याच्या मोठ्या सभेत तर हरेशनं त्याला स्टेजवर बोलावलं, खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, "हा आमचा भिकूशेठ. हा ह्या मातीचा आवाज!" खाली एकानं मोबाईलवर ते सगळं भरून घेतलं. भिकू वाडीवर आला तेव्हा गळ्यात झेंडूचा हार. तो त्यानं आठ दिवस काढला नाही, वाळून त्याचा भुगा झाला तरी.

कमळी मला म्हणाली, "बाय, ह्याला शेठ म्हनतात तिकडं. हा घरात पान्याचा हंडा उचलंना आता."

हसण्यावारी नेलं आम्ही. आणि मला त्याचा राग येत नाही, आजही नाही. पन्नास वर्षांत ज्याला सगळ्यांनी 'ए' म्हणून हाक मारली, त्याला कोणी चारचौघांत नावानं बोलावलं. तुम्ही-आम्ही असतो तर काय वेगळं केलं असतं!

हरेशच्या बाहेरच्यांचं मात्र एक होतं, ते दर सभेला बदलायचे. आधी कंपनीत लांबून आलेले कामगार. मग जोह्याच्या कारखान्यांत गणपती रंगवायला येणारी परमुलखातली पोरं. त्या दोघांतले काही कंटाळून गेले. मितेशला नोकरी लागली नाही ती नाहीच. मग घाटावरून बदली होऊन आलेले मास्तर बाहेरचे झाले. मग गावातलाच दत्तात्रेय, ज्यानं पाण्याच्या टाकीबद्दल माहितीचा अर्ज टाकला होता, तोही बाहेरच्यांचा माणूस ठरला. त्याच्या दुकानातून कोणी सामान घ्यायचं नाही, व्हय की नाय? व्हय! बाहेरचे संपले की नवीन बाहेरचे करावे लागतात, तसं त्याचं चाललेलं. मला हे दिसत होतं, आणि तरी मी दत्तात्रेयाच्या दुकानापुढून मान खाली घालून जायची. लाज वाटते सांगायला, पण सांगते.

पंधरा ऑगस्टची ग्रामसभा. झेंडा झाला, पोरांना जिलेबी वाटून झाली, आणि शाळेच्या पडवीत सभा बसली. सरपंच हरेशची वहिनी. खुर्ची तिची, माईक त्याचा. वाडीवरची माणसंही आलेली, पावसाळ्यात ती गावात असतात. कोपऱ्यात त्यांची जागा ठरलेली. भिकू मात्र पुढं, हरेशच्या जवळ.

हरेश बोलला तो नेहमीसारखाच. ह्या गावाचा निर्णय ह्या गावात राहणारा घेणार. जो बारा महिने इथं राहत नाही, तो इथला नाही. त्याचं नाव आपल्या यादीत कशाला? असा ठराव करायचा, व्हय की नाय?

"व्हय!" भिकू गरजला. आणि पडवी गरजली. मीही पुटपुटले. आम्हाला सगळ्यांना वाटलं, कंपनीतल्या बाहेरच्या कामगारांचंच चाललंय.

एकटी ठमाबाई उठली. भिकूची चुलती, सत्तरीची, कानानं अर्धी, पण डोक्यानं पूर्ण. तिनं लुगड्याचा पदर झटकला, हरेशकडं बघितलं आणि पडवीच्या पायऱ्या उतरून चालू लागली. तिच्यामागून कमळी. मग वाडीवरची एकेक करून सगळी. भिकू बावरला. त्याला कळेना काय झालं ते. शेवटी तोही हळूच उठला आणि त्यांच्यामागं गेला.

ग्रामसेवकानं विचारलं, "कोणाची हरकत?" पडवीत कोणी बोललं नाही. त्यांनी लिहिलं, हरकत नाही, ठराव सर्वानुमते मंजूर.

वाडीनं अख्ख्या गावासमोर नाय म्हटलं होतं. आपल्या पद्धतीनं, एवढ्या मोठ्यानं त्यांनी आजवर कधी म्हटलं नसेल. आणि वहीत ते सर्वानुमते म्हणून चढलं!

गणपती झाले आणि माझ्याकडे चौकशीसाठी अर्जांचा गठ्ठा आला. यादीतून नाव काढण्याचे, सात नंबरचे अर्ज. एकसष्ट. प्रत्येकाला ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल जोडलेली. कारण एकच: सदर इसम वर्षातील सहा-सात महिने गावात राहत नाही. पहिलं नाव ठमाबाई हिलम. सातवं नाव भिकू हिलम. सगळी वाडी.

वाडीची माणसं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाआधी परत येतात, हे काय आज कळलं गावाला? आणि आमच्या गावातली निम्मी पोरं ठाण्या-मुंबईत राहतात, ती फक्त पालखीला उगवतात. त्यांच्या नावाला कोणी हात लावलेला नव्हता! मग आठवलं. मागच्या पंचायत समितीला हरेश सत्तावन्न मतांनी पडला होता. वाडीची मतं एकसष्ट, आणि ती त्याला मिळालेली नव्हती.

नाव गेलं तर काय जातं, असं शिकलेली माणसं सहज विचारतात. वाडीवर या आणि विचारा. रेशन, घरकुल, जातीचा दाखला, काही मागायला गेलं की पहिला प्रश्न, तुम्ही इथलेच कशावरून? सातबारा नाही, घरपट्टी नाही. हातात दाखवायला एकच, यादीतलं नाव. आणि पाच वर्षांतून एकदा का होईना, पुढारी डोंगर चढून वाडीवर येतो तो त्या नावासाठीच. नाव गेलं की चढायचं कारण संपलं.

मी गठ्ठा घेऊन वर गेले. अंगणवाडीपुढं सगळ्यांना बसवलं आणि नावं वाचली. शेवटी भिकू म्हणाला, "पन बाई, आमी तर उठून आलो."

"उठून आलात म्हणून तर झालं, मेल्या! वहीत उठून येणं लिहीत नाहीत. गप्प बसलं की व्हय धरतात."

"पन आमी नाय म्हनलो," कमळी म्हणाली.

"कोणाला कळलं गो ते?"

ठमाबाई इतका वेळ कुडाला टेकून बसली होती. तिनं भिकूकडं बोट केलं आणि एवढंच म्हणाली, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ."

भिकू उठून मागं गेला. मला वाटलं, गेला आता हा, पंधरा दिवस दिसायचा नाही. पण थोड्या वेळानं तो परत आला. डोळे लाल. "बाई, हाका होता त्यो," तो म्हणाला. "आनि जाळीच्या बाजूला आमीच. मीच वरडलो आनि मीच आत गेलो. माझ्या म्हातारीला घेऊन गेलो." आणि तो बाप्या माणूस पोरांसमोर ढसाढसा रडला. मलाही राहवलं नाही. मी तर शिकलेली, अंगावर सरकारी साडी घालणारी. मी कशाला 'व्हय' म्हटलं होतं?

मग मी त्याला सांगितलं. दोन ऑक्टोबरला पुन्हा ग्रामसभा आहे. दर सभेचा पहिला विषय ठरलेला असतो, मागच्या सभेची वही वाचायची आणि ती कायम करायची. त्या वेळी कोणीतरी उभं राहून म्हणायचं, हे आम्हाला मान्य नाही. तोंडानं. मोठ्यानं.

"तू म्हण."

तो म्हणे, "बाई, तुमी म्हना."

माझी नोकरी, माझं घर, खाली गावात. मितेश हल्ली हरेशच्या जीपमागं मोटारसायकल घेऊन फिरायचा. मला लाज वाटायला पाहिजे होती, पण खरं तर मला भीती वाटली. शेवटी भिकूच म्हणाला, "ऱ्हाऊ दे. मी म्हनतो."

हसाल तुम्ही, पण त्याला 'नाय' म्हणायची सवय करावी लागली. कमळी समोर उभी राहून विचारायची, "आमी भायेरचे, व्हय की नाय?" आणि त्याच्या तोंडून आपसूक "व्ह..." निघायचं. कमळी कपाळाला हात लावायची. "अरं मुडद्या, तुला ठाऊक हाय तरी?" "अगो, तोंडात बसलाय त्यो!" वाडीवरची पोरं हसून लोळायची. दहा दिवस हे चाललं.

दोन ऑक्टोबरला पडवी गच्च भरलेली. हजेरी मीच मोजली, एकशे चौऱ्याहत्तर. हरेशनं भिकूला बघून हाक मारली, "ये भिकूशेठ, पुढं ये." भिकू गेला आणि पुढं बसला. वाडी कोपऱ्यात. मागची वही वाचत ग्रामसेवक त्या ठरावापाशी आले. हरेशनं माईक घेतला.

"कायम करायचा, व्हय की नाय?"

सगळी पडवी भिकूची वाट बघत थांबली. खरंच थांबली. तोंडं उघडलेली, पण पहिला आवाज आल्याशिवाय दुसरा येईना, इतकी सवय झालेली. भिकू उभा राहिला.

"नाय!"

आणि काय सांगू, अख्खी पडवी त्याच्यामागून गरजली, "नाय!"

हरेशचा चेहरा असा झाला की माझ्या मनात आलं, ह्याच्यासाठी तरी मी जगले. शेजारच्या बाईनं मला हळूच विचारलं, "काय गो, कशाला नाय म्हनलो आपन?" मी म्हटलं, "गप बस." ग्रामसेवकानं पेन उचललं. आता लिहिणार, ठराव नामंजूर. सुंठीवाचून खोकला गेला!

तर हा भिकू खाली बसेना. म्हणतो काय, "साहेब, थांबा. लिवू नका. ही माझ्यामागं वरडली. मोजा. एकेकाचा हात मोजा."

मी मागून त्याचा सदरा ओढला. "अरे मेल्या, मिळालंय ते घे ना! कशाला हातचं घालवतोस?"

तो वळला. "बाई, हा हाकाच झाला. आज मी नाय म्हनलो म्हनून नाय. उद्या दुसरा व्हय म्हनंल. मला मानसं पायजेत."

हरेशला तर हेच हवं होतं. "मोजा, मोजा," तो म्हणाला, आणि सगळ्यांकडं एकदा नजर फिरवली. ती नजर मी विसरणार नाही. गर्दीत ओरडणं सोपं होतं हो. हात वर केला की तो कोणाचा ते दिसतं.

ठरावाच्या बाजूनं हात: अडतीस. त्यात माझ्या मितेशचा. सरळ माझ्याकडं बघत वर केलेला.

विरुद्ध: वाडीचे एकतीस हात वर गेले. ठमाबाईनं दोन्ही केले, ग्रामसेवकानं एक मोजला. मग दत्तात्रेयाचा. मग एक, मग एक. मी माझ्या हाताकडं बघत होते. पदराखाली होता. आत्ता तर मी 'नाय' म्हणून ओरडले होते, मजेत ओरडले होते, आणि आता हाताला मणामणाचं ओझं. भिकू माझ्याकडं बघत नव्हता. त्यानं बघितलं असतं तर बहुतेक मी केला नसता. मी केला. गावातले हात झाले तेरा.

चव्वेचाळीस विरुद्ध अडतीस. ठराव पडला.

आणि बाकीचे ब्याण्णव हात मांडीवर होते. ना इकडे, ना तिकडे. थोड्या वेळापूर्वी ह्याच लोकांनी पडवीचे पत्रे हलवले होते. त्या दिवसापासून मला हरेशची तेवढी भीती वाटत नाही, जेवढी त्या ब्याण्णव हातांची वाटते. आणि मी त्यातली त्र्याण्णवावी होता होता राहिले, हेही आहेच. घरी मितेश नि मी समोरासमोर जेवलो, बोललो नाही. अजूनही मीठ दे, पाणी दे, एवढंच.

पुढचं काम सरळ झालं. अर्जांची सुनावणी पेणच्या तहसील कचेरीत लागली. वाडीनं भट्टीवर जाणं लांबवलं, मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या, आणि सगळी एसटीनं पेणला आली. साहेबांनी एकेकाला आत बोलावलं, घर कुठं, बाप कुठला, विचारलं, नवीन वहीची नक्कल बघितली. एकसष्टच्या एकसष्ट नावं राहिली. कमळी आनंदानं म्हणाली, "बाय, आता भट्टीवर जाऊन पन आमी हितलंच!" माणसं पुढं स्टँडवर गेली. निकालाच्या नकला घ्यायला मी नि भिकू मागं राहिलो. मग आम्ही बाजारातून निघालो, शेवटच्या एसटीआधीची गाडी धरायची म्हणून घाईघाईनं.

मासळीबाजाराच्या तोंडाशी हरेशची जीप उभी होती. वर दोन भोंगे. आत हरेश नव्हता, नुसता ड्रायव्हर मोबाईल बघत बसलेला. भोंग्यातून हरेश बोलत होता, "बाहेरच्यांना हटवला पायजे, व्हय की नाय?"

"व्हय!"

भिकू जागच्या जागी उभा राहिला. त्याचा आवाज होता. रोह्याच्या सभेतला, भरून घेतलेला. पुन्हा हरेश, पुन्हा भिकू. व्हय! त्याच्या हाताची बोटं गळ्याकडं गेली, काही चोरीला गेलंय का बघावं तशी. मग त्यानं सगळा दम एकवटून आरोळी ठोकली, "नाय!" पण भोंगे दोन, आणि आवाज त्याचाच. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं, हाही जीपबरोबरचाच. एकानं हसून अंगठा दाखवला.

जीपच्या पलीकडे जनी बसते, आमच्याच बाजूची, सुकट-बोंबील विकणारी. ती मान खाली घालून सुकट मापत होती. भोंग्यातून पुन्हा आलं, व्हय की नाय? आणि जनी, मापातली नजर न काढता, आपली सवयीनं म्हणाली, "व्हय."

मी म्हटलं, "चल भिकू, गाडी जाईल."

तो जनीपुढं जाऊन उभा राहिला. ओरडला नाही. साध्या, घरातल्या आवाजात बोलला. मी त्याचा तसा आवाज पहिल्यांदाच ऐकला. "बाय, त्यो भोंग्यात हाय ना, त्यो आवाज माझा हाय. पन व्हय माझा नाय."

जनीनं वर पाहिलं. आधी भिकूकडं, मग जीपकडं, पुन्हा भिकूकडं. मापातली सुकट तशीच हातात.

"अरे देवा," ती म्हणाली. "मंग मी कशाला म्हनला?"

भिकू तिच्या टोपलीपुढं उकिडवा बसला आणि तिला पहिल्यापासून सांगायला लागला. आमची गाडी गेली.